गादी भरता येते का?

शेजारच्या काकूंनी आईला पायाचं सूप प्यायला सांगितलं आणि दर बुधवारी आमच्याकडे बकऱ्याचे पाय येऊ लागले. भाजून, खरवडून, तुकडे करून आणलेले. एका बुधवारी मी ते नळाखाली धूत होते. खाटकाने घाव न घालता सांध्यातूनच सोडवलेला एक तुकडा हाताला लागला, आणि मी नळ बंद करून खिडकीपाशी गेले. हाडाच्या टोकावर निळसर झाक असलेला पांढरा थर होता. ओला, नितळ. शहाळ्यात मलईच्या पुढची अवस्था असते ना, धड मलई नाही आणि धड खोबरंही नाही, तसा. नखाने दाबला तर किंचित दबायचा आणि पुन्हा वर यायचा. त्यावर अंगठा ठरत नव्हता, घसरत होता.

हीच ती गादी. शाळेच्या पुस्तकात तिला कास्थी म्हणतात, काही डॉक्टर कूर्चा म्हणतात, आणि हाडांच्या दवाखान्यात नंबर लावून बाकावर बसलेली माणसं गादी म्हणतात. 'गादी झिजलीय.' 'वंगण संपलंय.' 'गॅप कमी झालाय.' 'वाटी बदलायला सांगितलीय.' गेली पाच-सहा वर्षं आईला घेऊन मी त्या बाकावर इतक्यांदा बसले आहे की ही भाषा आता माझीच झाली आहे.

आईने साताऱ्यात तीस वर्षं खानावळ चालवली. कॉलेजची मुलं, एसटीतले कंडक्टर, बदलीवर आलेले कारकून. पहाटे साडेपाचला ती विळीवर बसायची. एक पाय विळीच्या पाटावर, गुडघा छातीशी, दुसरा पाय दुमडून खाली. त्याच बैठकीत पाच किलो कांदा, मग कोबी, मग मिरच्या. पुढ्यातून नजर न हलवता ती आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायची. उकिडवं बसून, गुडघे दुमडून वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचे गुडघे लवकर झिजतात, हे मला फार उशिरा कळलं. आईचे दोन्ही गुडघे आतल्या बाजूने झिजले आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि म्हणाले, "आजी, गादी संपलीय. हाडाला हाड घासतंय."

आईने फार साधा प्रश्न विचारला. "संपली म्हणजे? भरता येत नाही का?"

तिच्या डोळ्यांपुढे पिंजारी होता, हे मला लगेच कळलं. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी गल्लीत पिंजारी यायचा. त्याच्या धनुकलीचा तो टणत्कार दुपारभर चालायचा. गोळे झालेला, दडपून गेलेला तोच जुना कापूस तो पिंजून मोकळा करायचा, थोडा नवा घालायचा, आणि संध्याकाळपर्यंत गादी पुन्हा फुगून उभी राहायची. आईला तेच हवं होतं. डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. ते एवढंच म्हणाले, "अजून नाही, आजी. जगभर लोक त्याच्या मागे लागलेत."

त्या 'अजून नाही'च्या मागे मी लागले. त्याला माझं स्वतःचंही कारण होतं.

मी खो-खो खेळायचे. जिल्ह्याकडून, मग विद्यापीठाकडून. २००१ साली एका सामन्यात खांबाजवळ सूर मारला, गडी बाद झाला, पण डावा गुडघा वाकडा होऊन जमिनीवर आपटला. महिनाभर शेकून, लेप लावून पाहिलं. गुडघा मध्येच अडकायचा, पाण्याने भरायचा. शेवटी पुण्यात दुर्बिणीतून तपासणी केली. कमरेखालचा भाग बधिर होता, मी जागी होते, आणि बाजूच्या पडद्यावर माझ्या गुडघ्याचं आतलं दिसत होतं. पांढरंशुभ्र मैदान, आणि मधोमध एक रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा. कडा उभ्या, खाली पिवळसर हाड. डॉक्टरांनी टोकदार सळईने त्या उघड्या हाडाला तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने बारीक भोकं पाडली. पंपाचं पाणी बंद केलं तेव्हा एकेका भोकातून रक्ताचे थेंब वर आले, त्यात चरबीचे चमकते कण होते. "मगज आला," असं काहीसं ते आपल्या सहकाऱ्याला म्हणाले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

तो अर्थ असा. हाडाच्या आतल्या मगजात काही मूलपेशी असतात. हाड, चरबी, कास्थी, यांपैकी काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या. भोकं पाडली की त्या रक्ताबरोबर खड्ड्यात येतात, रक्ताची गुठळी धरून बसतात आणि तिथे काहीतरी उभं करतात. इंग्लंडात ब्रिस्टलचे प्रायडी १९५०च्या दशकात हाडाला ड्रिलने भोकं पाडत होते. अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात ही सळईची बारीक पद्धत बसवली आणि तिथून ती खेळाडूंच्या गुडघ्यांतून जगभर पसरली. मूलपेशींचा उपचार म्हणून आज जे मोठ्या अक्षरांत छापून येतं, त्याची एक साधी, बिनखर्चाची आवृत्ती २००१ सालीच माझ्या गुडघ्यात झाली होती.

सहा आठवडे कुबड्या. मग सहा वर्षं मी खरंच चांगली चालले, पळलेसुद्धा. मग खड्डा पुन्हा बोलायला लागला. कारण त्या पेशींनी भरलेलं जे होतं ते मूळ कास्थी नव्हतं. तो व्रण होता. जखम भरल्यावर कातडीवर राठ वण राहतो, तसा गुडघ्याच्या आतला वण. त्याचे तंतू वेगळ्या जातीचे असतात, ते पाणी धरून ठेवत नाहीत, आणि रोजच्या वजनाखाली हळूहळू उसवत जातात.

खरी कास्थी किती अवघड वस्तू आहे, हे समजून घेताना माझा तिच्याबद्दलचा आदर वाढत गेला. गुडघ्यातला हा थर जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच. त्या पाण्याला धरून ठेवणारे रेणू, आणि त्या रेणूंना बांधून ठेवणारं कोलॅजेनचं जाळं. वरच्या पदरात तंतू आडवे, मधे तिरके, तळाशी उभे रोवलेले. या सगळ्यात जिवंत पेशी फार थोड्या, आकारमानाच्या दोन-चार टक्के, एकेकट्या आपापल्या कोनाड्यात बसलेल्या. रक्तवाहिनी एकही नाही. मज्जातंतूही नाही, म्हणून कास्थी झिजताना कळत नाही. दुखायला लागतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर, आणि तोवर बरंच काही गेलेलं असतं. पाऊल टाकलं की हा थर स्पंजासारखा पिळला जातो, पाऊल उचललं की सांध्यातला द्रव पुन्हा शोषून घेतो. त्या पेशींचं जेवण येतं ते असं, आपल्या चालण्यातून.

रक्तच नाही म्हटल्यावर जखमेकडे धावून येणारं कुणी नाही. १७४३ साली विल्यम हंटर नावाच्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कास्थीवर निबंध सादर केला. कास्थी एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही, असं त्याने त्यात लिहून ठेवलं. त्या वर्षी इथे साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते. एवढ्या काळात त्या वाक्याला कुणी पूर्णपणे खोटं पाडलेलं नाही. उलट २०१६ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी ते आणखी पक्कं केलं. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ खूप वाढला होता, आणि त्या काळात शरीरात जे तयार झालं त्यावर त्याचा शिक्का बसला. तो शिक्का वाचून त्यांनी दाखवलं की गुडघ्यातल्या कास्थीचं कोलॅजेन लहानपणी आणि तरुणपणी तयार होतं, आणि पुढे जवळजवळ बदललंच जात नाही. म्हणजे आईच्या गुडघ्यात जी काही गादी शिल्लक आहे तिचा कापूस ती परकर-पोलक्यात होती तेव्हाचा आहे. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ तिच्या पायाशी बसून होते.

पायाच्या सुपातलं कोलॅजेन पोटात पचून जातं, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही, हे मी आईला सांगितलं. सूप तिने सोडलं नाही. तिला ते आवडतं, आणि मिरीचा हात तिचा चांगला आहे.

माझी भाची पुण्यात जीवशास्त्रात संशोधन करते. तिच्या एका मैत्रिणीचं काम कास्थीवर होतं, म्हणून मी मागे लागून एकदा त्या प्रयोगशाळेत गेले. चपला बाहेर, अंगावर पांढरा कोट, हाताला स्पिरिट. तिने चपट्या पोटाची प्लॅस्टिकची एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तळाला गुलाबी पाणी होतं. "बघा मावशी." मी डोळा लावला. लांबट, दोन्हीकडे निमुळत्या पेशी, एका दिशेला तोंड करून, ओढ्यातले मासे प्रवाहाकडे तोंड करून राहतात तशा. शस्त्रक्रियेत काढून टाकायच्या हाडाच्या तुकड्यातल्या मगजातून, त्या माणसाच्या संमतीने मिळालेल्या. मगजातल्या सगळ्या पेशी प्लॅस्टिकला चिकटत नाहीत, या चिकटतात, म्हणून सापडतात. अलेक्झांडर फ्रीडेन्श्टाइन यांनी सोव्हिएत रशियात १९६० आणि ७०च्या दशकांत याच गुणावरून त्या हुडकल्या. आणि १९९१ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या आर्नल्ड कॅप्लन यांनी त्यांना जगाच्या तोंडी बसलेलं नाव दिलं, मेसेंकायमल स्टेम सेल, म्हणजे संयोजी ऊतींच्या मूलपेशी.

"या अशाच सोडून दिल्या तर कास्थी होत नाहीत," ती मुलगी म्हणाली. "त्यांना गर्दी लागते." अडीच लाख पेशी एका निमुळत्या नळीत घालून ती फिरवते, तळाशी त्यांचा गोळा बसतो. मग एक विशिष्ट प्रथिन, जे वाढत्या गर्भात हातापायांच्या जागी पेशींना 'कास्थी व्हा' असं सांगतं त्याच घराण्यातलं. आणि एकवीस दिवस. एक दिवसाआड पाणी बदलायचं, गोळा नळीला चिकटू द्यायचा नाही. तिने एकविसाव्या दिवसाची नळी उजेडात धरली. तळाशी एक पांढरा, किंचित पारदर्शक मणी होता. भिजवलेल्या साबुदाण्याएवढा. तिने नळीला टिचकी मारली, तो हलला. मला बुधवारचा तो बकऱ्याचा सांधा आठवला. तीच निळसर झाक.

माझे डोळे भरून आले, ते त्या मुलीने पाहिलं आणि ती घाईने म्हणाली, "मावशी, पण हा इथे थांबत नाही ना. खरी अडचण तीच आहे."

अडचण अशी की मगजातल्या या मूलपेशी कास्थी होतात त्या हाडाच्या वाटेवरचा एक मुक्काम म्हणून. पोटातल्या बाळाचं हाड आधी कास्थीचं असतं, मग पेशी फुगतात, चुना धरतात, आणि हाड तयार होतं. मूलपेशींना तीच वाट पाठ आहे. साबुदाण्याएवढी कास्थी तयार झाली तरी तिच्या आतल्या पेशी पुढे जाऊन फुगू लागतात, हाडाची तयारी करू लागतात. गुडघ्यातली कास्थी मात्र जन्मभर कास्थीच राहायला हवी. पेशीला कास्थी व्हायला शिकवता येतं. तिथेच थांब, हे शिकवणं फार अवघड जातंय. आणि गोल मण्यात ते आडवे-तिरके-उभे पदर कुठून यायचे? तो साबुदाणा खड्ड्यात बसवून, कडेला कड जोडून, वर साठ किलोचं वजन देऊन कामाला लावायचा, तर अजून बराच रस्ता आहे. ती मुलगी हे सगळं अगदी शांतपणे सांगत होती. तिचा हा एकविसाव्या दिवसाच्या नळ्यांचा चौथा हंगाम होता आणि आधीचे तीन बिघडले होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी आमच्याकडे एका मंगल कार्यालयात मोफत गुडघेतपासणी शिबिर लागलं. बॅनरवर चकचकीत गुडघा, त्यात सुई, सुईतून सोनेरी थेंब. 'ऑपरेशनशिवाय नवी गादी.' आई खानावळीतल्या जुन्या मैत्रिणीबरोबर मला न सांगता गेली. तिथे सांगितलं की पोटावरची चरबी काढून, त्यातल्या मूलपेशी वेगळ्या करून, त्याच दिवशी गुडघ्यात टोचतात. सहा आठवड्यांत गादी तयार. दोन्ही गुडघ्यांचे सव्वादोन लाख, आज नाव नोंदवलं तर वीस हजार कमी. आईने घरी येऊन पोस्टाच्या ठेवीचं पुस्तक काढून ठेवलं होतं. मी आल्यावर म्हणाली, "भरता येते म्हणाले गं."

मला त्या माणसांचा राग आला, तो आजही उतरलेला नाही. पैशांसाठी तर आहेच. पण त्याहून जास्त त्या 'भरता येते' या दोन शब्दांसाठी, जे माझ्या आईने पाच वर्षं मनात जपले होते आणि त्यांनी ते पहिल्याच भेटीत हातावर ठेवले. प्रयोगशाळेतली ती मुलगी तीन हंगाम वाया जाऊनही जे म्हणायला धजत नव्हती, ते.

मी आईशेजारी बसून जे वाचलं होतं ते सगळं सांगितलं. टोचलेल्या पेशी गुडघ्यात जाऊन विटा रचाव्यात तशी गादी रचत नाहीत. बहुतेक काही दिवसांत-आठवड्यांत नाहीशा होतात. जाण्याआधी त्या काही द्रव्यं सोडतात, त्याने सूज शमते, दुखणं कमी होऊ शकतं. ज्या कॅप्लन यांनी त्यांना स्टेम सेल हे नाव दिलं, त्यांनीच २०१७ साली लिहिलं की हे नाव आता बदलूया, लोकांची दिशाभूल होते आहे. स्वतः दिलेलं, जगभर रुजलेलं नाव मागे घ्यायला निघालेल्या त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाबद्दल मला फार आपुलकी वाटते. २०२३ साली अमेरिकेतल्या ४७५ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्वतःच्या मगजातून घेतलेल्या पेशी, स्वतःच्या चरबीतल्या, आणि नाळेतून वाढवलेल्या, या तिन्ही प्रकारांची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली होती. वर्षभरानंतर दुखण्यात तिन्हींपैकी एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

याची दुसरी बाजूही मी तिला सांगितली, कारण ती लपवणं हाही खोटेपणाच झाला असता. बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स या कंपनीने निरोगी दात्यांच्या मगजातल्या पेशी वाढवून तयार केलेल्या इंजेक्शनला २०२२ साली भारताच्या औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या झिजेसाठी परवानगी दिली आहे. एका इंजेक्शनात अडीच कोटी पेशी. १४६ रुग्णांच्या चाचणीत खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत दुखणं कमी झालं, हालचाल सुधारली. हे थोडं नाही. पण ते नीट चाचणी करून, परवानगी घेऊन आलेलं औषध आहे, आणि तेही नवी गादी देतो म्हणत नाही. आपल्याकडे २०१९च्या नियमांप्रमाणे मूलपेशींपासून केलेलं उत्पादन हे नवं औषध धरलं जातं आणि त्याला चाचणी, मंजुरी, सगळं लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत अशा उपचारांची जाहिरात करायलाच मनाई आहे. मंगल कार्यालयातल्या बॅनरवर कुठल्याही परवानगीचा क्रमांक नव्हता.

आईने पोस्टाचं पुस्तक परत कपाटात ठेवलं. मग म्हणाली, "आणि तुझा खड्डा?"

हा प्रश्न तिला सुचला याचं मला नवल वाटलं, कारण खरी मेख तिथेच आहे. तिचा गुडघा आणि माझा गुडघा हे दोन वेगळे आजार आहेत. माझा चांगल्या रस्त्यावरचा एक खड्डा, तिचा आख्खा रस्ताच उखडलेला, खालची खडीसुद्धा हललेली. खड्डा बुजवण्याच्या कामात माणसाने बरीच मजल मारली आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९८७ साली एका रुग्णाच्या स्वतःच्या कास्थीचा छोटा तुकडा काढून, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, पुन्हा त्याच गुडघ्यात बसवल्या. ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली २३ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या मूलपेशी नव्हेत, कास्थीच्याच पेशी. आपल्याकडे मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या याच धर्तीच्या उपचाराला २०१७ साली परवानगी मिळाली. दक्षिण कोरियाने २०१२ साली नाळेच्या रक्तातल्या मूलपेशींचा उपचार मान्य केला. त्यात इंजेक्शन नसतं, गुडघा उघडून, हाडात छोटे गाळे पाडून त्यात जेलमधून पेशी भरतात. जपानमध्ये क्योटोत शिन्या यामानाका यांनी दाखवलेल्या वाटेने, म्हणजे साध्या पेशीला मागे नेऊन पुन्हा मूलपेशी बनवून, तिच्यापासून कास्थीचे तुकडे तयार केले, आणि ते माणसाच्या गुडघ्यात बसवून पाहण्याला २०२० साली मंजुरी मिळाली. त्यांचा साबुदाणा हाडाच्या वाटेला कमी जातो असं म्हणतात.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. माझा खड्डा रुंदावला आहे आणि कडाही झिजल्या आहेत, त्यामुळे माझाही आता खड्डा राहिलेला नाही, रस्ता होत चालला आहे. हे मी तिला सांगितलं नाही.

मागच्या वर्षी आईचा डावा गुडघा बदलला. वाजपेयींचा गुडघा बदलला ती बातमी तिने खानावळीतल्या टीव्हीवर पाहिली होती, २००० सालचा ऑक्टोबर, मुंबईचं ब्रीच कँडी, न्यू यॉर्कहून आलेले डॉक्टर राणावत. तेव्हापासून गुडघा बदलणं हे तिच्या लेखी पंतप्रधानांचं काम होतं. २०१७ साली सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, नेहमीच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपयांवर आली, आणि ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. धातूची टोपी, मधे प्लॅस्टिक. आई आता पोवई नाक्यापर्यंत चालत जाते, रात्री झोपते, हसते. ज्याने हे शोधलं त्याचं मी भलं चिंतते.

पण जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. विळी आता ओट्याखाली उभी असते. आई टेबलाशी खुर्चीत बसून सुरीने भाजी चिरते आणि कांद्याच्या फोडी कधी जाड होतात, कधी बारीक. ज्या हाताने तीस वर्षं एकसारखा कांदा पडला, तो हात तिथे परका झाला आहे. दसऱ्याला तिने विळी घासली, पात्याला तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं, आणि पुन्हा तिथेच ठेवली. एवढ्यासाठी मला ती कास्थी हवी आहे, ती नळीतली, निळसर झाकेची. धातू चालवतो. खाली बसवत नाही.

भाची परवा आली होती. मैत्रिणीच्या सहाव्या हंगामाचे फोटो तिने आईला मोबाइलवर दाखवले. आईने दोन बोटांनी तो मणी मोठा केला, चष्मा वर-खाली केला. "असे किती लागतील एका गुडघ्याला?" भाचीने मनातल्या मनात हिशेब केला, म्हणाली, "आजी, हजारच्या वर. आणि ते एकमेकांत मिसळले पाहिजेत." आईने मान हलवली. साबुदाण्याच्या खिचडीचा तिला अंदाज आहे. मिसळले पाहिजेत पण गोळा होता कामा नये, हे किती अवघड असतं ते तिला कुणी सांगायला नको.

संध्याकाळी आम्ही दोघी पलंगावर पाय पसरून बसतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी कडक करून ती खाली दाबायची, दहा आकडे धरायची, सोडायची. दहा वेळा. मांडीचा स्नायू मजबूत राहिला की सांध्यावरचा धक्का कमी होतो, वजनातला एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे चार किलो उतरतात. तिचा उजवा अजून तिचाच आहे, माझे दोन्ही माझे. आकडे आई मोजते, पाढे म्हणून घ्यायची त्याच आवाजात. सातवर मी सैल सोडलं की तिला बरोबर कळतं. ती माझ्या मांडीवर हात ठेवते, आठ म्हणत नाही, पुन्हा एकपासून सुरू करते.